धूरवाल्याला विचारा : कूलंट चालेल का?

गणपती संपले आणि राज्य नाट्य स्पर्धेचे वेध लागले, की माझ्याकडे धुराची पत्रं सुरू होतात. मागच्या अंकात मी लिहून गेलो होतो की दुरुस्तीला येणाऱ्या स्मोक मशीनमध्ये बहुतेक वेळा मशीनचा दोष नसतो, त्यात ओतलेल्या लिक्विडचा असतो. त्यावरून काही जण रागावले, काहींनी शंका विचारल्या. रागावलेल्यांना फोनवर उत्तरं दिली आहेत. शंकांची इथे देतो.

आमच्या हौशी संस्थेने 1500 वॉटचं जुनं मशीन घेतलं. लिक्विड गावात मिळत नाही, पुण्याहून मागवावं लागतं. आमचा एक सभासद गॅरेज चालवतो. तो म्हणतो, लिक्विडमध्ये ग्लायकॉल असतं, गाडीच्या कूलंटमध्येही ग्लायकॉलच असतं, मग कूलंटात पाणी घालून चालवू. रंग हिरवा आहे, पण राक्षसाच्या प्रवेशाला हिरवा धूर बराच. चालेल का?
— सचिव, हौशी नाट्यसंस्था, बार्शी

सचिवसाहेब, नाही चालणार. आणि हे उत्तर मिळेपर्यंत कुणी ओतलंच असेल, तर मशीन सुरू करू नका.

ग्लायकॉल हे आडनाव आहे. तुमच्या बार्शीत पाटील किती असतील? म्हणून सगळे एका घरचे होत नाहीत. रंगमंचाच्या लिक्विडमध्ये पाणी असतं आणि त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ट्रायएथिलीन ग्लायकॉल असली मंडळी, कधी थोडं ग्लिसरीन. कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते पोटात गेलं तर शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल बनतं, त्याचे खडे मूत्रपिंडात बसतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. याचाच भाऊ डायएथिलीन ग्लायकॉल, तोही तसाच विषारी. गंमत म्हणजे एथिलीन, डायएथिलीन आणि ट्रायएथिलीन ही सख्खी भावंडं. त्यातलं तिसरं रंगमंचावर चालतं आणि पहिल्या दोघांनी माणसं मारली आहेत. नावातल्या एका ‘डाय’ने आणि ‘ट्राय’ने एवढा फरक पडतो. म्हणून अंदाजाने ओतायचं नसतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. 1986 साली मी बॅकस्टेजला नुकताच लागलो होतो. त्या वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण दगावले. औषध म्हणून आलेल्या त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला, पेपरात रोज त्याच्या बातम्या. आम्ही तेव्हा धुरासाठी निखाऱ्यावर ऊद, धूप टाकायचो, फार तर नवसागर. लिक्विडचं मशीन मी पाहिलंही नव्हतं. पण पुढे पहिलं मशीन हाताशी आलं, कॅनवर ‘ग्लायकॉल’ वाचलं आणि माझा हात थबकला. तेव्हापासून कॅनवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी झाकण उघडत नाही.

आता मशीन काय करतं ते तुमच्या गॅरेजवाल्याला सांगा, त्याला लगेच कळेल. आत धातूचा एक ठोकळा असतो, त्यातून नळी गेलेली. ठोकळा दोनशे-तीनशे अंशांच्या घरात तापतो. पंप लिक्विड नळीत ढकलतो, त्याची क्षणात वाफ होते, ती तोंडातून बाहेर आली की थंड होऊन तिचे बारीक थेंब होतात. त्यांनाच आपण धूर म्हणतो. खरं तर ते धुकं. तिथे काही जळत नाही, जळायलाही नको. म्हणजे टाकीत ओताल ते नटांच्या, प्रॉम्प्टरच्या आणि पहिल्या रांगांत बसलेल्या प्रमुख पाहुण्यांच्या छातीत जाणार. कूलंटमध्ये ग्लायकॉलखेरीज गंज रोखणारी रसायनं असतात, रंग असतो. ती रेडिएटरसाठी आहेत. तापवून माणसांना हुंगायला दिली तर काय करतील, याचा विचार कूलंट बनवणाऱ्याने केलेला नसतो.

आणि हिरव्या धुराची आशा सोडा. रंगीत लिक्विडमधूनही धुकं पांढरंच दिसतं. मागच्या बाजूने एका पार दिव्यावर हिरवं जिलेटिन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावा, राक्षस पाहिजे तेवढा हिरवा होईल.

आम्ही कॉलेजच्या एकांकिकेसाठी व्हिडिओ बघून लिक्विड घरी बनवलं : केमिस्टकडचं ग्लिसरीन आणि बोअरचं पाणी. धूर भरपूर येतो, पण कडवट वास येतो. मागच्या प्रयोगाला परीक्षक डोळे चोळत होते. आम्हाला वाटलं रडले.
— विद्यार्थी, नाशिक

परीक्षक रडले असते तर बक्षीस मिळालं असतं. मिळालं का?

तुझा तो कडवट वास तू आधीही घेतला आहेस. वड्याच्या गाडीवर कढईतलं तेल करपतं तेव्हा डोळ्यांत भस्सकन जातो, तोच. तेल-तूप फार तापलं की त्यातलं ग्लिसरीन फुटतं आणि अ‍ॅक्रोलिन नावाचा वायू निघतो. तुझ्या मशीनमध्ये ग्लिसरीन थेटच आहे, त्यामुळे वाट आणखी जवळची. चांगलं लिक्विड आणि चांगलं मशीन यांची जोडी जमवलेली असते : ठोकळा किती तापणार आणि लिक्विड किती सोसणार, हे बनवणाऱ्याने बघितलेलं असतं. स्वस्त मशीनचा थर्मोस्टॅट वर-खाली जातो, त्यात तुझं दाट ग्लिसरीन नळीत रेंगाळतं आणि करपतं. हा वास आला की त्याच क्षणी मशीन बंद करायचं, दारं उघडायची. संवाद चालू असला तरी.

दुसरी चूक बोअरच्या पाण्याची. तुमच्या घरी गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो ना? तोच थर मशीनच्या नळीत चढतो, आणि ती नळी रिफिलपेक्षा फार जाड नसते. थर चढला की पंप घरघरतो, तोंडातून धुराऐवजी गरम थेंब थुंकतो.

आता टाकी पूर्ण रिकामी कर. बॅटरीचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, पेट्रोल पंपावर मिळतं. मशीनच्या पुस्तिकेत चालतं म्हटलं असेल तर त्याने मोकळ्या जागेत धुऊन काढ, मग तयार लिक्विड भरून थोडा वेळ चालव. पुस्तिका नसेल तर दुरुस्तीवाल्याकडे ने. अत्तर, गुलाबपाणी, निलगिरीचं तेल घालून ‘वातावरणनिर्मिती’ करायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच राहू दे. असली तेलं पेट घेतात आणि तापवून फवारली की छातीला झोंबतात.

दौऱ्यावर पाच लिटरचा कॅन नेणं अवघड जातं. आम्ही लागेल तेवढं लिक्विड बिसलेरीच्या बाटलीत भरून नेतो. काही अडचण नाही ना?
— रंगमंच व्यवस्थापक, डोंबिवली

या प्रश्नाची मी वाट बघत होतो, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. कुणाचं नाव घ्यायला नको, दोष माझाच.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव साल असेल, मे महिन्यातला मराठवाड्याचा दौरा. मशीनची टाकी लहान, म्हणून मी मुंबईहून निघताना पाण्याच्या एका बाटलीत लिटरभर लिक्विड काढून घेतलं आणि कॅन घरीच ठेवला. प्रयोगाआधी मशीन भरलं, अर्धी बाटली उरली, ती विंगेत प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंच्या, टेबलाखाली ठेवली. दुसऱ्या अंकात आमचा प्रॉपर्टीवाला पोरगा, वय सतरा, घामाने निथळत आला, बाटली उचलली आणि दोन घोट घटाघट प्यायला. मग थांबला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “काका, पाणी गोड आहे.”

त्या वाक्याने मला जो घाम फुटला तसा मे महिन्याने कधी फोडला नाही. लिक्विड गोडसरच लागतं. रंग नाही, वास जवळजवळ नाही. बाटलीतलं पाणी आणि ते शेजारी ठेवा, तुम्हालाही ओळखता येणार नाही. बाटली हलवली तरच कळतं : आतून काचेवरून उतरावं तसं ते सावकाश, दाटसर उतरतं. अंधाऱ्या विंगेत तहानलेला पोरगा बाटली हलवून बघत नाही.

सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “नेमकं काय प्यायलाय?” मी म्हणालो, स्मोकचं लिक्विड. ते म्हणाले, “त्यात काय असतं?” आणि मला सांगता येईना, कारण लेबल मुंबईत होतं. रात्री साडेअकराला एसटीडी बूथ उघडायला लावला, घरी फोन केला, बायकोला माळ्यावर चढवलं आणि तिने एकेक अक्षर लावत कॅनवरचं वाचून दाखवलं. प्रॉपिलीन ग्लायकॉल निघालं. रात्रभर देखरेखीखाली ठेवला, सकाळी पोहे खाऊन टेम्पोत बसला. आज तो दिव्यांची कंत्राटं घेतो आणि त्याच्या गोडाऊनमध्ये पाण्याच्या बाटलीला बंदी आहे, पाणी प्यायचं तर स्टीलच्या तांब्यातून.

तर उत्तर : लिक्विड मूळ कॅनमध्येच. मोठा कॅन नको तर एक लिटरचा बंद कॅन विकत घ्या. दुसऱ्या भांड्यात काढावंच लागलं तर खाण्यापिण्याचं वाटणार नाही असं भांडं घ्या, मूळ लेबलाची झेरॉक्स त्यावर टेपने चिकटवा आणि लेबलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. विकणाऱ्याकडून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे आत काय आहे आणि धोका काय हे सांगणारा कागद, मागून घ्या. देत नसेल तर दुकान बदला. कुणी प्यायलाच तर उलटी करायला लावू नका. चूळ भरायला लावा आणि लेबलासकट दवाखाना गाठा. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राला डॉक्टर चोवीस तास फोन करू शकतात, पण तिथेही पहिला प्रश्न तोच असतो. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवायचं. लेन्स असेल तर काढून.

मी संगीत नाटकात काम करते. नांदीनंतर पहिल्याच प्रवेशात धुकं सोडतात आणि लगेच माझं पद आहे. घसा कोरडा पडतो, वरचा षड्ज चिकटल्यासारखा होतो. दिग्दर्शक म्हणतात, मनाचे खेळ आहेत.
— गायिका-अभिनेत्री, पुणे

ताई, दिग्दर्शकांना म्हणावं, तुम्ही त्या धुक्यात उभं राहून एक पद म्हणून दाखवा.

ग्लायकॉलला पाण्याची ओढ असते. हवेतलं ओढतं तसं तुमच्या घशावरचंही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर नटांनी हीच तक्रार केली, तेव्हा तिथे रीतसर अभ्यास झाला. 2000 साली तो प्रसिद्ध झाला. त्यातून मर्यादा ठरल्या : ग्लायकॉलचं धुकं नटाच्या तोंडापाशी क्षणभरसुद्धा घनमीटरला 40 मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये; तेलाच्या हेझला, म्हणजे तेलापासून केलेल्या पातळ धुक्याला, 25, आणि त्याची दिवसभराची सरासरी 5. आपल्याकडे हे मोजायचं यंत्र कुणाच्या खिशात नसतं, पण त्या लोकांनी त्याचा सोपा अर्थ काढला आणि तो आपल्यालाही लागू पडतो : मशीनच्या तोंडासमोर, झोत ताजा असताना, नट उभा नको. किती फूट लांब आणि सोडल्यावर किती सेकंदांनी, हे मशीनगणिक ठरवतात.

तुमच्या बाबतीत काय करता येईल? मशीन बहुधा तुमच्या एंट्रीच्या विंगेत आहे, कारण प्लग तिथे आहे. ते समोरच्या विंगेत हलवा, वायर लांब घ्या. धुकं पडदा उघडण्याआधी सोडा, नांदी संपेपर्यंत ते पसरून पातळ होईल. दिव्यांचे झोत दिसायला पातळ धुकंच लागतं. ज्यात नट दिसेनासा होतो ते दिग्दर्शकाच्या हौसेचं. लवकर विरणारं लिक्विडही मिळतं, त्यात पाण्याचं प्रमाण जास्त असतं. आणि एसीचा झोत कुठून कुठे वाहतो ते तालमीतच अगरबत्ती लावून बघा. तुमच्यापैकी कुणाला दमा असेल तर ते धूर सोडणाऱ्या पोराला आधी माहीत हवं. त्याला हे कुणीच सांगत नाही, बटण मात्र त्याच्या हातात असतं.

नृत्याच्या कार्यक्रमाआधी स्टेजवर कॅन कलंडला. लगेच फडक्याने पुसला, तरी मुली घसरत होत्या.
— नृत्यशिक्षिका, नागपूर

कोरड्या फडक्याने तुम्ही ते पुसलं नाहीत, पसरवलंत. हे पाण्यासारखं वाळत नाही. थेंबभर बोटावर घेऊन अंगठ्याने चोळून बघा : आधी साबणासारखं गुळगुळीत, मग चिकट, आणि दहा मिनिटांनीही ओलंच. काळ्या रंगाच्या लाकडी स्टेजवर दिसतही नाही. एकदा लावणीला, ढोलकी रंगात आलेली, आमची एक मुलगी गिरकी घेता घेता थेट लेव्हलवर, म्हणजे स्टेजवरच्या चौथऱ्यावर, जाऊन आदळली. मनगट मोडलं. मशीनच्या तोंडाखाली ठिबकलेल्या चार थेंबांनी.

गरम पाणी, थोडी साबणाची पावडर, मग साध्या पाण्याचं पोतेरं, मग सुकं. शेवटी अनवाणी पाय घासून बघायचं. पाय कुरकुरला पाहिजे. मशीनच्या तोंडाखाली ट्रे ठेवायचा, मशीन भरायचं ते विंगेबाहेर, बंद आणि गार असताना, नरसाळ्याने. प्रयोगानंतर नॉझल बराच वेळ तापलेलं असतं, पडदा त्याला टेकू द्यायचा नाही. टेम्पोत चढवताना टाकी रिकामी. ती उरलेली धार पुन्हा मोठ्या कॅनमध्ये ओतू नका, टाकीतला कचरा सगळ्या कॅनला लागतो.

हॉलमध्ये धुराचे सेन्सर आहेत. तिथला माणूस म्हणतो, त्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधू.
— एकांकिका संघ, फोंडा, गोवा

बांधू नका. पिशवी बांधलेली रात्री कुणाच्या लक्षात राहत नाही. धुराचा सेन्सर थेंब आणि काजळी यांत फरक करत नाही, तो वाजणारच. म्हणून व्यवस्थापनाला आठवडाभर आधी लेखी कळवा. सेन्सर बंद करायचे की नाही, किती वेळ आणि त्या वेळात डोळ्यांत तेल घालून कोण उभं राहणार, हे ते आणि त्यांचा अग्निसुरक्षा अधिकारी ठरवतील. नाही म्हणाले तर धूर नाही. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. ते कशाने जळालं याच्याशी आपल्या धुराचा काही संबंध नाही, पण ते फोटो ज्यांनी पाहिले त्यांच्यापुढे पिशवीची गोष्ट मी काढणार नाही.

संस्थेच्या ट्रंकेत लेबल निघालेले दोन कॅन सापडले. एक पातळ, एक तेलकट. वाया कशाला घालवायचे?
— नेपथ्यकार, सांगली

काचेच्या ग्लासात पाणी घेऊन दोन्हींचा एकेक थेंब टाका. जो विरघळला तो पाण्यावरचा, जो वर तरंगला तो तेलाच्या हेझरचा, म्हणजे हेझ सोडणाऱ्या यंत्राचा. तेलाचं लिक्विड तापणाऱ्या स्मोक मशीनमध्ये गेलं तर पेट घेऊ शकतं. पाण्यावरचं तेलाच्या हेझरमध्ये गेलं तर हेझर गेला.

आता कुठलं कुठलं ते कळलं, पण वापरायचं दोन्ही नाही. पाण्यावरच्याला गढूळपणा किंवा आंबूस वास आला असेल, तर त्यात काहीतरी वाढलं आहे आणि तुम्ही ते फवारून लोकांना देणार. एरवीही आत काय आहे ते ठाऊक नाही, म्हणजे बार्शीच्या कूलंटएवढंच परकं. तेलाचा कॅन तुमच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या, तो काळ्या ऑइलच्या पिंपात टाकेल. अर्थात बार्शीचा नको.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना कॅनच्या लेबलाचा फोटो सोबत जोडा. मागच्या महिन्यात एकाने ‘हे लिक्विड बरोबर आहे का’ म्हणून सात फोटो पाठवले, सातही धुराचे. पांढरे.